बॉनेट बंद करून मोजा: फिल्टर आणि इन्टेक किट बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
स्पोर्ट्स कारसाठी एअर फिल्टर, इन्टेक किट (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टर) आणि तत्सम भाग बनवणारे सर्व उत्पादक

विषय: खोक्यावर छापलेली हॉर्सपॉवर आणि न छापलेले आकडे

स. न. वि. वि.

इंजिनं उघडायची, मापायची आणि पुन्हा बांधायची हा माझा धंदा आहे. स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस माझ्याकडे आला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक प्रश्न हमखास निघतो: कंपनीचा एअर बॉक्स (फिल्टर ठेवलेला, इंजिनाला हवा देणारा डबा) काढून बाहेरचा फिल्टर बसवू का? सोबत तुमचं खोकं असतं, नाहीतर खोक्याचा फोटो. त्यावर एक आलेख, निळ्या रेघेच्या वर लाल रेघ, आणि अधिकच्या चिन्हापुढे हॉर्सपॉवरचा आकडा. त्याला फक्त हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. मला ते सांगता येत नाही, कारण उत्तर द्यायला जे आकडे लागतात ते त्या खोक्यावर नसतात. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला लिहितोय.

आधीच सांगून टाकतो, बाहेरच्या मालाशी माझं वैर नाही. काही गाड्यांवर तो बसवा असं मी स्वतः सांगतो, आणि कुठल्या गाड्यांवर ते पुढे येईलच. पण तुम्ही बहुतेक वेळा आवाज विकता, थोडा देखणेपणा विकता, क्वचित खरोखरचा मोकळा श्वासही विकता. बिल मात्र सरसकट ताकदीच्या नावानं फाडता.

हिशेबापासून सुरुवात करू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. होंडा एस२००० चं पहिलं इंजिन घ्या: २ लिटर, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं. सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर मिनिटाला ९,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १५० लिटर हवा. आकडा ऐकला की कोणालाही वाटतं, एवढी हवा त्या कागदाच्या घड्यांतून जाणार म्हणजे इंजिन गुदमरतच असणार. तुमची सगळी जाहिरात या वाटण्यावर उभी आहे.

पण गुदमरणं मोजता येतं. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किती फरक पडतो ते बघायचं, बस. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. समजा कंपनीचा कागदी फिल्टर पूर्ण थ्रॉटलला, सगळ्यात वरच्या फेऱ्यांवर १ किलोपास्कल खातो आणि तुमचा त्याच्या निम्मा. वाचला अर्धा किलोपास्कल. १०१ मधला अर्धा म्हणजे ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीत दीड हॉर्सपॉवरच्या आसपास. तेही अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि काटा लाल पट्ट्याशी असताना. एरवी पेट्रोल इंजिनात हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची झडप मुद्दामच करत असते. ती अर्धवट मिटलेली असताना तिच्या अडथळ्यापुढे फिल्टरचा अडथळा हिशेबातही येत नाही. रहदारीत रेंगाळताना कुठला फिल्टर बसवलाय हे इंजिनाला कळायचं कारणच नाही. मालकाला कळतं, कारण त्याला आवाज येतो. त्याकडे नंतर येतो.

मायलेज वाढतं ही ओळ तर पुसूनच टाका. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं २००९ साली फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या केल्या. इंजेक्शनच्या, संगणकावर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांत इंधनाच्या खपावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. वेग पकडण्यावर मात्र दिसला. कारण सरळ आहे: हवा कमी आली तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधनही तेवढंच कमी सोडतो, आणि चालवणारा तोच वेग राखायला पाय थोडा जास्त दाबतो. चोंदलेल्या फिल्टरनं जे बिघडलं नाही, ते तुमच्या मोकळ्या फिल्टरनं सुधारणार कसं? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट निराळी, पण तुमची खोकी त्यांच्यासाठी नसतात.

मग डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, लाल रेघ वर जाते ती कशी? तुम्ही खोटा आलेख छापता असं मी म्हणत नाही. आलेख खरा असू शकतो. तो कुठल्या परिस्थितीत काढला हे तुम्ही सांगत नाही, आणि सगळी गोम तिथं आहे.

पहिली गोष्ट बॉनेटची. डायनोवर गाडी चढते तेव्हा बॉनेट सताड उघडं असतं आणि समोर भला मोठा पंखा. डब्याशिवाय बसवलेल्या, शंकूच्या आकाराच्या कोन फिल्टरला खोलीतली थंड हवा आयती मिळते. रस्त्यावर बॉनेट बंद असतं, आणि तोच कोन रेडिएटरमागच्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारच्या हवेत बसलेला असतो. ३० अंशांऐवजी ५० अंशांची हवा ओढली तर तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी उतरते. ताकद तेवढी पडत नाही. इंजिनाची ताकद मोजण्याच्या एसएई जे१३४९ या मानकात तापमानाची दुरुस्ती निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळानं करतात, त्या हिशेबानं घट ३ टक्क्यांच्या घरात जाते. ३०० हॉर्सपॉवरमधून ९ गेल्या. वर मोठ्या मुश्किलीनं दीड कमावली होती, ती आठवते ना? शिवाय हवा तापली की नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकण्याची) शक्यता वाढते, ईसीयू ठिणगीची वेळ मागे खेचतो आणि तोटा आणखी फुगतो. गाडी वेगात असली की बॉनेटखालची गरम हवा वाहून जाते आणि फरक कमी होतो, हे मान्य. पण थांबलेली गाडी निघते, ट्रॅकवर पिटमधून बाहेर पडते किंवा संथ वळणातून उसळी मारते, तेव्हाच तर ती ताकद हवी असते; आणि नेमकं तेव्हाच कोन सगळ्यात तापलेल्या हवेत असतो.

कंपनीच्या एअर बॉक्सला काळं प्लास्टिकचं डबडं म्हणून हिणवायची पद्धत पडली आहे. त्या डबड्याचं तोंड गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला उघडतं, म्हणजे ते बाहेरची हवा घेतं. प्लास्टिक उष्णता सहज आत येऊ देत नाही. तुमची चकचकीत अॅल्युमिनियमची नळी त्याच्यापेक्षा फार लवकर तापते. डबड्याला चिकटलेली ती बिनकामाची दिसणारी पोकळी म्हणजे रेझोनेटर. विशिष्ट कंपनं मारण्यासाठी आणि कधीकधी मधल्या फेऱ्यांतला टॉर्क सांभाळण्यासाठी तिचं आकारमान मोजून ठरवलेलं असतं. व्हॉल्व्ह मिटताना नळीत दाबाच्या लाटा उलट धावतात, त्या परत कधी येतात हे नळीच्या लांबीवर अवलंबून असतं. तुमच्या सूचनापत्रात 'ही पोकळी काढून टाका' एवढं एक वाक्य असतं. काढल्यावर ३,००० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान काय झालं, तो आलेखाचा भाग मात्र बऱ्याचदा छापलेला नसतो; रेघ सुरूच पुढून होते.

दुसरी गोष्ट क्रमाची. एकच गाडी, एकच दिवस, एकच डायनो. काहीही न बदलता दोन धावांत एखाद-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. गिअरबॉक्सचं तेल किती तापलंय, इंजिन किती वेळ उभं होतं, टायर रोलरवर कसा बसलाय, पट्टा किती आवळलाय, सगळं मोजणीत उतरतं. ३०० वर दोन टक्के म्हणजे ६ हॉर्सपॉवर. म्हणजे खोक्यावरची वाढ मापनाच्या चुकीतच मावते. मूळ, तुमचा, पुन्हा मूळ, पुन्हा तुमचा, अशा आळीपाळीनं केलेल्या धावा दाखवल्यात तर बोलणं. एक निळी आणि एक लाल रेघ ही मोजणी नव्हे.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे.

बऱ्याच गाड्यांत फिल्टरनंतरच्या नळीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. त्यातली बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेनं तापती ठेवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते. ती तापती ठेवायला किती वीज लागली यावरून ईसीयू हवेचं वजन ओळखतो. पण सेन्सर सगळी नळी बघत नाही. नळीतल्या एका ठिकाणचा प्रवाह बघतो आणि बाकीचं तक्त्यावरून धरून चालतो. कंपनीनं तो तक्ता ठरावीक व्यासाच्या नळीसाठी, तिच्या आधीच्या ठरावीक वळणासाठी बनवलेला असतो. आता ७० मिलिमीटरची नळी ७४ ची करा. आडवा छेद सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १० टक्क्यांनी उतरतो, आणि सेन्सर ईसीयूला सांगतो की हवा कमी येतेय. ईसीयू इंधन कमी करतो. भार कमी आहे असं समजून ठिणगीही थोडी पुढे घेतो.

पूर्ण थ्रॉटलला बहुतेक कंपन्या मिश्रण मुद्दाम इंधनाच्या बाजूला झुकतं ठेवतात. रसायनशास्त्राचं नेमकं प्रमाण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. जास्तीत जास्त ताकद साधारण साडेबारा-तेराला मिळते. टर्बो गाड्यांत, म्हणजे जिथं एक्झॉस्टवर फिरणारा कॉम्प्रेसर हवा दाबून भरतो तिथं, त्याच्याही खाली जाऊन इंधन जास्त सोडतात, म्हणजे पिस्टन, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापू नयेत. तुमच्या नळीनं सेन्सरला फसवलं की हे जास्तीचं इंधन गळतं, मिश्रण ताकदीच्या प्रमाणाकडे सरकतं आणि डायनोवर पाच-सात हॉर्सपॉवर उमटतात. त्या हवेच्या नसतात. पिस्टन वाचवायला ठेवलेल्या राखणीतून उचललेल्या असतात. गार खोलीत, काही सेकंदांच्या धावेत हे निभावून जातं. ट्रॅकवर लागोपाठ अर्धा तास पाय दाबून धरला तर काय होतं ते वितळलेल्या पिस्टनच्या कडेवर वाचता येतं.

रोजच्या चालवण्यात मालकाला याचा पत्ताही लागत नाही. कमी भारावर ऑक्सिजन सेन्सर मिश्रणावर लक्ष ठेवून असतो आणि ईसीयू इंधन आपोआप वाढवून चूक झाकतो. ती झाकपाक फ्युएल ट्रिम नावाच्या आकड्यात मात्र नोंदली जाते. गाडीच्या तपासणी सॉकेटला साधा ओबीडी स्कॅनर लावून किट बसवण्याआधीचा आणि नंतरचा लाँग टर्म ट्रिम (दीर्घकाळची सरासरी दुरुस्ती) बघा. २ टक्क्यांवरून १० वर गेला असेल तर हवेचं गणित बिघडलंय, ती नळी त्या गाडीची नाही किंवा तिच्यात कुठेतरी गळती आहे. तुम्ही हा आकडा छापत का नाही? तुमच्या चाचणीच्या गाडीला स्कॅनर लावलेला असतोच की.

धुळीबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त जागा हवी आहे, कारण तिचा हिशेब शेवटी माझ्या टेबलावर होतो.

फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, मोह्सच्या कठीणतेच्या मापावर ७, काच ओरखडणारा. पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यात तेलाचा जो पातळ थर असतो त्याहून मोठा कण आत आला की तो दोन्हीकडे ओरखडे काढत फिरतो. मोजक्या मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे, जास्त घातक; मोठे तर साधी जाळीही अडवते. टर्बो असेल तर आधी कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजतात.

आता टक्केवारीतली गंमत बघा. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो, दुसरा ९७. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, दोनच टक्क्यांचा तर फरक. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, आत आलेल्या धुळीशी आहे. पहिला १०० ग्रॅममधला १ ग्रॅम आत सोडतो, दुसरा ३. म्हणजे तिप्पट. तुमच्या पत्रकात '९७ टक्क्यांहून अधिक' असं ठळक अक्षरात येतं, तेव्हा मला पुढचा प्रश्न पडतो: कुठल्या धुळीवर?

कारण मोजायची पद्धत ठरलेली आहे. आयएसओ ५०११. ठरलेल्या प्रवाहात ठरलेली धूळ सोडायची, फिल्टरमागे सगळं टिपणारा दुसरा फिल्टर ठेवायचा, त्याचं वजन करायचं. धूळसुद्धा आयएसओ १२१०३-१ मध्ये प्रतवारी लावून दिलेली: ए२ बारीक, ए४ जाडी, अशी. जाड्या धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो. त्यामुळे प्रत न सांगता टक्केवारी सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्या चाचणीतून तीन आकडे निघतात: हवेला अडथळा किती, धूळ अडवली किती, आणि चोंदण्याआधी पोटात मावली किती. हे तिन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. एकाच आकाराच्या फिल्टरमध्ये अडथळा कमी केला की बाकीच्या दोघांपैकी कोणाचं तरी नुकसान ठरलेलं. तुम्ही पहिला आकडा मोठ्या टायपात छापता आणि उरलेले दोन गिळून टाकता.

'आयुष्यभर धुवून वापरा' हेही तसंच अर्धं वाक्य. फिल्टर वापरात येतो तसतसा त्यावर बसलेल्या धुळीचा थरच नव्या धुळीला अडवायला लागतो. नवाकोरा किंवा नुकताच धुतलेला फिल्टर सगळ्यात जास्त धूळ आत सोडतो. हौशी मालक दर महिन्याला फिल्टर धुऊन लखलखीत करतो, म्हणजे त्याचं इंजिन कायम त्या सगळ्यात वाईट टप्प्यात चालत राहतं. त्यात सुती जाळीवर तेल किती मारायचं हे त्याच्या अंदाजावर. कमी मारलं तर धूळ आत; जास्त मारलं तर ते उडून एमएएफच्या तारेवर बसू शकतं, तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं, ती थंड होईना, आणि सेन्सर पुन्हा कमी हवा सांगू लागतो. तुमच्यापैकी कोणी म्हणेल की सांगितल्याप्रमाणे तेल मारलं तर असं होत नाही. शक्य आहे. मग किती ग्रॅम मारायचं ते लिहा. 'लाल रंग एकसारखा दिसेपर्यंत' हे माप होत नाही.

शर्यतीच्या गाड्यांचे फोटो टाकून याचं समर्थन करू नका. शर्यतीचं इंजिन ठरावीक तासांनी उघडतात, रिंगा बदलतात, बेअरिंग बदलतात. तिथं थोडी धूळ परवडते. रस्त्यावरच्या इंजिनाकडून मालकाची अपेक्षा लाखभर किलोमीटर न उघडण्याची असते. ज्याला शंका आहे त्यानं तेल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. सिलिकॉनचा आकडा चढलेला आणि त्याच्या जोडीला लोखंड आणि अॅल्युमिनियमही चढलेले दिसले तर धूळ आत येतेय, मग ती फिल्टरमधून येवो की नीट न बसलेल्या क्लॅम्पच्या फटीतून. नुसता सिलिकॉन चढला असेल तर घाबरायचं कारण नाही. नव्यानं बांधलेल्या इंजिनातलं सीलंटही तेवढं सोडतं.

आता आवाज. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे, आणि तुम्हीच का लाजता ते कळत नाही. थ्रॉटल उघडल्यावर समोरून येणारी ती घोगरी गर्जना हा स्पोर्ट्स कार घेण्याच्या सुखाचा भाग आहे. लेक्सस एलएफएच्या व्ही१० इंजिनाचा आवाज घडवायला यामाहाचं सहकार्य घेतलं होतं. टोयोटा जीटी८६ मध्ये इन्टेकचा आवाज केबिनमध्ये आणायला वेगळी नळीच दिली होती. म्हणजे कारखाने आवाजाला आवाजच म्हणून किंमत देतात. तुम्हीही द्या. 'या किटनं ताकद वाढत नाही, गाडी सुरेख गाते' असं लिहिलेलं खोकं मी स्वतः शिफारस करून विकायला मदत करीन. कान फसवतो, हे मात्र ग्राहकाला सांगा: मोठा आवाज ऐकू आला की गाडी जास्त पळतेय असं वाटतं, आणि स्टॉपवॉच काढलं की तेवढीच पळते.

आता जिथं तुमचा माल खरंच शोभतो ते सांगतो, नाहीतर हे पत्र नुसतं भांडण होईल.

बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ सीएसएल, २००३ सालची. तिच्यात कार्बन फायबरचा प्रचंड एअर बॉक्स आहे, आणि त्याची नक्कल तुमच्यातले कितीतरी जण विकतात. साध्या एम३ चे ३४३ पीएस (हॉर्सपॉवरचंच मेट्रिक माप), सीएसएलचे ३६०. पण ते १७ पीएस एकट्या डब्यानं आणलेले नाहीत. कॅमशाफ्ट बदलले, एक्झॉस्ट बदलला, एमएएफ काढून टाकला आणि त्याच्याशिवाय हवेचा अंदाज घेणारं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं. आणि तो डबा बंद आहे, बाहेरची हवा घेणारा. कारखान्यानं स्वतः इन्टेक बदलायचा ठरवला तेव्हा त्याला एवढं सगळं बदलावं लागलं. तुमच्या खोक्यात तोच डबा येतो, एक फिल्टर, चार क्लॅम्प आणि एक स्टिकर. सॉफ्टवेअरचं काय, यावर पत्रकात 'शिफारस केली जाते' असं बारीक अक्षरात. शिफारस नव्हे हो, ती अट आहे.

जुन्या गाड्यांत अडथळा खरोखर असायचा. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ च्या १.६ इंजिनात हवा मोजायला झडपेचा मीटर होता. हवेनं ती झडप ढकलून उघडायची. तिथं अडथळा हटवण्यात अर्थ होता, पण तो फिल्टर बदलून हटत नाही, मीटर आणि ईसीयू दोन्ही बदलावे लागतात.

टर्बो गाडीचा बूस्ट (हवा आत कोंबणारा दाब) वाढवला, मोठा टर्बो बसवला, तर इन्टेकची गरज खरी होते. नळी आणि बॉक्समधला दाबाचा तोटा साधारण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. प्रवाह १.४ पट झाला की तोटा जवळजवळ दुप्पट. ३०० हॉर्सपॉवरला बिनबोभाट चालणारा बॉक्स ४२० ला खरंच गळा आवळू शकतो, आणि टर्बोच्या आधी गमावलेला दाब भरून काढायला कॉम्प्रेसरला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते. मूळ सॉफ्टवेअरवर मात्र हीच गाडी ठरलेल्या टॉर्कच्या पुढे जात नाही. तुम्ही वाट मोकळी केली की ईसीयू वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बोबाहेरून सोडणारी झडप) तेवढा उघडून हिशेब पुन्हा जागेवर आणतो.

हवा म्हणजे ताकद, यात वाद नाहीच. रॅलीत ताकद आवरायला टर्बोच्या तोंडाशी ठरावीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवतात. १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत तो ३४ मिलिमीटरचा होता. त्याच वर्षी कातालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका जीटी-फोरमध्ये या रिस्ट्रिक्टरला बगल देऊन हवा आत घेणारी चोरवाट सापडली. संघाचे गुण काढून घेतले, वर एका वर्षाची बंदी. एवढ्या मोठ्या संघानं एवढी जोखीम का घेतली? कारण तिथं ते छिद्रच इंजिनाचा गळा होता. तुमच्या ग्राहकाच्या गाडीत गळा दुसरीकडे आहे: व्हॉल्व्ह, कॅम, एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बूस्टची मर्यादा. गळा कुठं आहे हे न बघता तुम्ही सगळ्यांना एकच खोकं देता.

बंपरच्या मागे खाली उतरलेल्या फिल्टरबद्दल दोनच वाक्यं. पाणी दाबलं जात नाही. तुंबलेल्या पाण्यात तो फिल्टर बुडाला आणि सिलिंडरनं ते ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जमिनीपासून फिल्टरच्या खालच्या कडेची उंची खोक्यावर छापायला किती शाई लागते?

उत्सर्जन आणि आवाजाचे नियम देशोदेशी वेगळे असले तरी कॅलिफोर्नियात असे भाग तपासून त्यांना परवान्याचा क्रमांक द्यायची पद्धत आहे. ज्यांनी तो मिळवला आहे ते अभिमानानं छापतात, म्हणजे तपासणीला सामोरं जाणं तुम्हाला जमतं.

जाता जाता: ट्रॅकवर जायचं म्हणून किट घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी ब्रेक फ्लुइड कधी बदललं ते विचारतो. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. ते, ब्रेक पॅड आणि बरे टायर यांनी लॅपचा वेळ जेवढा उतरतो तेवढा कुठलाही कोन उतरवत नाही. हे तुमच्या धंद्याला मारक आहे, मला कल्पना आहे.

आता मागणी. प्रत्येक खोक्यावर आयएसओ ५०११ चे तिन्ही आकडे छापा, धुळीची प्रत आणि चाचणीचा प्रवाह यांसह, आणि शेजारी त्या गाडीच्या मूळ फिल्टरचे तेच आकडे. डायनोचा आलेख बॉनेट बंद ठेवून काढा, इन्टेकच्या हवेचं तापमान आणि हवा-इंधन प्रमाण त्याच कागदावर दाखवा, आणि रेघ २,००० फेऱ्यांपासून सुरू करा. एमएएफच्या जागी नळीचा आतला व्यास मूळ आणि तुमचा, दोन्ही लिहा. सॉफ्टवेअर लागणार असेल तर ते पुढच्या बाजूला, हॉर्सपॉवरच्या आकड्याएवढ्याच अक्षरात.

आणि नळीवर फिल्टरनंतर एक छोटं आट्यांचं भोक ठेवून त्याला बूच द्या. त्याला पारदर्शक नळी जोडून ती पाणी भरलेल्या यू-नळीला लावली की कोणालाही अडथळा स्वतः मोजता येतो. १ किलोपास्कलला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत साधारण १० सेंटिमीटरचा फरक पडतो. मूळ बॉक्सवर किती, तुमच्यावर किती, हे मोकळ्या ट्रॅकवर दोन फेऱ्यांत कळेल. शेजारी बसणाऱ्यानं पाण्याकडे बघायचं, चालवणाऱ्यानं रस्त्याकडे.

कळावे,
इंजिन बांधणारा एक कारागीर